फरशीखालचं काम

नवीन कामाचं घर बघायला गेलो की पहिला प्रश्न मी मालकांना विचारत नाही. फरशी पुसायला येणाऱ्या मावशी घरात असतील तर त्यांना विचारतो, "मावशी, पुसताना पाणी कुठं थांबतं?" त्या लगेच बोट दाखवतात. "फ्रिजच्या पुढं, आणि त्या खिडकीखाली. तिथं दोनदा कोरडं फडकं मारावं लागतं बघा." मालक त्याच घरात पंधरा वर्षं राहिलेले असतात, पण त्यांना हे ठाऊक नसतं. ते म्हणतात, फरशी तशी लेव्हलमध्ये आहे, फक्त जुनी झालीय. मग मी गाडीतून सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आणतो, फ्रिजपुढे आडवी टाकतो आणि पट्टीखालून करंगळी आरपार घालून दाखवतो.

इथून पुढं खरं भांडण सुरू होतं, कारण करंगळीएवढी पोकळी भरायचे पैसे कुणाला द्यायचे नसतात. टाइल दिसते, तिचे पैसे माणूस हौसेनं देतो. खाली जे करायचं ते झाकलं जाणार असतं.

मी या धंद्यात आलो तो मामांचा बिगारी म्हणून. दहावी झाली, पुढं शिकायची ऐपत नव्हती आणि सोलापूरकडच्या आमच्या गावात पावसावर काही भरवसा नव्हता. मामा पुण्यात शहाबादी फरशीचे मिस्त्री होते. शहाबाद आमच्याच वाटेवरचं, सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं स्टेशन. तिथली फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. वरून बरा, खालून ओबडधोबड, एक फरशी इंचाची तर दुसरी दीड इंचाची. त्यामुळं खाली मालही दीड-दोन इंच टाकावा लागायचा. जमिनीत खड्डा असो, उंचवटा असो, तो मालात जिरून जायचा. दोन फरश्यांत एखाद्या सुताचा फरक राहिला तर त्याला कुणी दोष म्हणत नसे. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिलिमीटर आमच्या तोंडात फार उशिरा आला.)

मग मोझॅकचं काम जास्त यायला लागलं. ती दहा इंची लादी बसवल्यावर पॉलिशचं मशिन फिरायचं, पाणी आणि राखाडी चिखल घरभर व्हायचा, आणि आमच्या हातून वरखाली झालेल्या कडा त्या चिखलाबरोबर निघून जायच्या. मशिनवाला आमचा गुरुभाऊच म्हणायचा, आमची पापं धुणारा. पुढं दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड आली. ती कारखान्यातूनच चकचकीत येते. बसवल्यावर तिला घासता येत नाही. कड वर राहिली की राहिली, संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला की ती कड सावली पाडून तुमचं नाव सांगते. आता चार बाय दोनची मागणी असते, त्याहून मोठीही. टाइल जसजशी मोठी, पातळ आणि तयार होत गेली, तसतसं माझं निम्मं काम टाइलच्या खाली गेलं. हे कळायला मला दहा-बारा वर्षं लागली, आणि ती वर्षं दुसऱ्यांच्या घरात गेली.

मामांनी पहिल्यांदा हातात दिली ती पाण्याची नळी. पारदर्शक, तीसेक फूट लांब. एका टोकाशी मामा, दुसऱ्या टोकाशी मी. दोन्हीकडचं पाणी थांबलं की खूण करायची, खुणा जोडून निळीच्या दोऱ्यानं भिंतीवर रेघ मारायची आणि त्या रेघेपासून खाली मोजत जायचं. जिथं माप कमी तिथं जमीन वर आलेली, जिथं जास्त तिथं खोल. एवढंच शास्त्र. मी आलो त्या वर्षी एका फ्लॅटमध्ये हॉल आणि बेडरूमच्या खुणा मी घेतल्या. दिवसभर काम झालं. दिवे लागायच्या वेळी दोन्ही खोल्यांची फरशी दारात भेटली तेव्हा चार सूत फरक, म्हणजे अर्धा इंच. मामा काही बोलले नाहीत. नळी उचलली, उजेडाकडे धरली आणि मधे अडकलेला बोटभर लांबीचा हवेचा बुडबुडा दाखवला. माल अजून ओला होता. रात्री साडेअकरापर्यंत बेडरूमची सगळी फरशी उचलली, धुतली, भिंतीला उभी केली. परत येताना मामा एवढंच म्हणाले, "नळी भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी धरून बघायची. तिथंच पाणी सारखं नसलं तर पुढं कुठं असणार?"

आता आमच्याकडे लेझर आहे. तिपाईवर ठेवला की भिंतीभर हिरवी रेघ. पण लेझरही एकदा पडला की खोटी रेघ मारतो, आणि ती नळीपेक्षा जास्त खरी वाटते. म्हणून महिन्यातून एकदा मी तो नळीशी ताडून बघतो. पोरं हसतात.

घरमालकाला समजावताना मला दोन शब्द वेगळे करावे लागतात, लेव्हल आणि सपाट. लेव्हल जमिनीवर सांडलेलं पाणी कुठं जावं ते न कळून जागीच पसरतं. सपाट जमिनीवर टाकलेल्या पट्टीखालून उजेड दिसत नाही. या दोन गोष्टी एक नाहीत. जुन्या इमारतीत वीस फुटांच्या हॉलची एक बाजू इंचभर खाली असते, पण उतार सरळ एकसारखा असतो. अशा जमिनीवर टाइल उत्तम बसते. तिला लेव्हल करायचा हट्ट धरला तर एका टोकाला इंचभर भरणी, मग दार अडतं, ते कापायचं, मग बाल्कनीचा उंबरा बुडतो, मग स्वयंपाकघर खाली राहतं, की तेही उचला. एक इंच सगळ्या घरभर फिरतो. उलट जी जमीन सरासरीनं लेव्हल आहे पण मधेच खळगे आणि टेंगळं आहेत, तिच्यावर चार बाय दोनची टाइल ठेवली तर चारांतला एक कोपरा तरी नाचणारच. मोठ्या टाइलला दहा फुटांत एका सुताच्या आत सपाटी लागते. त्यासाठी टेंगळं घासायची, खळगे भरायचे आणि उताराला हात लावायचा नाही. मी कित्येक लोकांना लेव्हल करण्यापासून परावृत्त केलं आहे आणि त्यात माझंच बिल कमी झालं आहे. धंद्याच्या दृष्टीनं हा शहाणपणा नाही, पण त्यामागं एक वाडा आहे.

२००६ च्या सुमारास पेठेतल्या एका वाड्यात काम मिळालं. वरच्या मजल्यावरची बारा बाय पंधराची खोली. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर माती-चुन्याचा थर, वर शहाबादी. खोली मधोमध तीन इंच बसली होती, परातीसारखी. मालकांच्या मुलाचं लग्न ठरलेलं, त्यांना नव्या टाइल हव्या होत्या, 'एकदम लेव्हल'. मला तेव्हा आत्मविश्वास फार. शहाबादी काढली, दोऱ्या बांधल्या आणि माल भरत सुटलो. कडेला काही नाही, मधे तीन इंच. दोन दिवसांत टाइल लागली आणि ती खोली अशी सुंदर दिसायला लागली की मी मोबाइलवर फोटो काढला, त्या काळच्या मोबाइलवर.

तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या बिऱ्हाडातल्या आजी जिना चढून आल्या. म्हणाल्या, "बाळा, रात्री वरून लाकूड वाजत होतं. आमच्या छताची मातीही पडली थोडी." मी म्हणालो, आजी, ओला माल आहे, वाळला की बसेल. असं का म्हणालो ते आजही सांगता येत नाही. उत्तर यावं लागतं म्हणून दिलं. मालकांनी मात्र ओळखीच्या एका इंजिनिअरना बोलावलं. त्यांनी तुळईला टोचून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर हिशेब मांडला. वाळू-सिमेंटचा माल एक इंच जाड टाकला तर चौरस फुटाला जवळपास पाच किलो वजन होतं. खोली १८० चौरस फूट, भरणी सरासरी दीड इंच. म्हणजे टाइल सोडून नुसता माल तेराशे किलो. घराच्या खोलीत माणसं, कपाटं, पलंग सगळं मिळून चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भार धरतात. त्यातले ऐंशी मी एका भरणीनं खाऊन टाकले होते, तेही शंभर वर्षांच्या लाकडावर, जे वाकलं होतं म्हणूनच मला बोलावलं होतं.

सगळं काढलं. बसवायला दोन दिवस, काढायला चार, कारण हातोडा जोरात मारायचा नव्हता. पासष्ट पोती राडारोडा जिन्यानं खाली नेला. आजी पायरीवर बसून मोजत होत्या. मजुरी बुडाली, टाइलचे पैसे मी भरले. नंतर त्या खोलीत सुतारानं तुळयांना खालून टेकू दिला, वर उतरत्या जाडीच्या लाकडी पट्ट्या कापून मारल्या आणि त्यांवर प्लायवूड टाकलं. ती जमीन लेव्हलही झाली आणि हलकीही. मला ते सुचलं नव्हतं, कारण माझ्या हातात थापी होती. तेव्हापासून जमीन खाली का गेली, हे कळल्याशिवाय मी ती वर आणत नाही.

हे 'का' विचारणं त्या एका वाड्यावरूनच अंगवळणी पडायला हवं होतं. पण नात्यातल्या कामात माणूस विचारत नाही. गावाकडे एका नातेवाइकांचं घर आहे, काळ्या मातीवर बांधलेलं. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. शेतात आम्ही हे लहानपणापासून पाहिलेलं, पण घराखाली तीच माती असते हे डोक्यात येत नाही. त्यांच्या माजघराची फरशी एका कोपऱ्यात बसली. मी सुट्टीत जाऊन उचलली, भरली, बसवली. दोन वर्षांनी परत बसली. परत भरली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा वहिनी चहा देताना सहज म्हणाल्या, "मोरीचं पाणी अलीकडं लवकर जिरतं, बाहेर फारसं येतच नाही." मोरीचा पाइप भिंतीत शिरतो तिथं फुटला होता. पाणी बाहेर येण्याऐवजी घराखाली मुरत होतं. एकाच कोपऱ्यातली माती बाराही महिने ओली, बाकीची कोरडी. मी दोनदा फरशीला औषध दिलं आणि रोग मोरीत होता. मग पाइप बदलला, त्या खोलीतली काळी माती तीन फूट खोल काढली, मुरूम आणला, वीतभर थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमसानं ठोकायचं, मग पुढचा थर. कंटाळवाणं काम आहे ते. हात भरून येतात आणि दिवसअखेर दाखवायला काही नसतं. ती फरशी अजून जागेवर आहे.

लॅमिनेटचा जमाना आला तेव्हा वाटलं, सुटलो. आठ मिलिमीटरच्या पट्ट्या, खाली फोमचा पातळ थर, खाचेत खाच अडकवायची, माल नाही, चिखल नाही. एका बेडरूममध्ये कपाटापुढं एक खळगा होता, दीडेक सुताचा. फोम घेईल सांभाळून, असं म्हणून पुढं गेलो. तीन महिन्यांत तिथं पाऊल पडलं की चुईक आवाज यायला लागला. त्या घरात तान्हं बाळ होतं. आई रात्री पाय न वाजवता उठायची आणि नेमकी ती पट्टी वाजायची. पट्टी उचलून पाहिली तर खाचेची जीभ तुटलेली. फोम मऊ असतो, तो आधार देत नाही.

दुरुस्तीला मी सेल्फ लेव्हलिंगचं पोतं आणलं. पाण्यात कालवून ओतायचं, ते आपोआप पसरून सपाट होतं. नाव ऐकून वाटतं आपल्याला काही करायचंच नाही. पोत्यावर पाणी किती घालायचं ते लिहिलेलं असतं. ते आणखी पातळ व्हावं म्हणून माझ्या माणसानं तांब्या-दोन तांबे जास्त घातलं, आणि जुन्या कोब्यावर आधी प्रायमर मारायचा असतो तो मी मारला नाही, कारण दुकान बंद होतं आणि बाळाची आई माहेरून दुसऱ्या दिवशी परतणार होती. सकाळी वर पिठासारखी भुकटी, आणि थापीनं टोचलं तर पापुद्र्यासारखे तुकडे निघाले. कोरड्या कोब्यानं खालून पाणी ओढून घेतलं होतं आणि वरून जास्तीचं पाणी होतंच. परत खरवडलं. आता प्रायमर गाडीतच असतो आणि पाणी मापाच्या बादलीनं. तळमजल्यावरचं काम असेल तर आदल्या रात्री जाड प्लॅस्टिकचा दीड-दोन फुटी तुकडा जमिनीवर चारी कडांनी चिकटपट्टीनं बंद करून ठेवतो. सकाळी त्याखाली दव धरलं असेल तर लाकडाचं काही तिथं टाकत नाही. नवीन कोबा असेल तर इंचभर जाडीला तीन-चार आठवडे तरी वाळू देतो. गणपतीच्या आधी हवं, दिवाळीच्या आधी हवं, साखरपुडा आहे, हे सगळं मला कळतं. कोब्याला कळत नाही.

सगळंच सपाट-लेव्हल करायच्या नादात एकदा बाल्कनीही तशीच केली. नवीन हात बसला होता, एका पोरानं बाल्कनी आणि हॉल एका रेषेत आणला आणि मी पाठ थोपटली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला, सोफ्याखाली पाणी आहे. बाल्कनी, मोरी, संडास, गच्ची इथं फुटाला एक सूत ढाळ लागतोच आणि तो पाइपाच्या तोंडाकडेच हवा. मामा तर मोरीत फरशी लावल्यावर तांब्याभर पाणी ओतून बाजूला विडी ओढत बसायचे. पाणी जाळीत गेलं की उठायचे.

आमच्या टोळीत आता पाच जण आहेत. दोघं राजस्थानचे, मार्बलच्या कामातून आलेले. त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे हे मी त्यांच्यासमोर कबूल करत नाही. लाकडासारख्या दिसणाऱ्या लांब टाइल मी पहिल्यांदा विटांसारख्या, अर्ध्यावर अर्धी, लावत होतो तेव्हा त्यांच्यातल्या एकानंच थांबवलं. दोन टाइल तोंडाला तोंड लावून उभ्या धरल्या आणि मधला फुगवटा दाखवला. भाजताना लांब टाइलला किंचित कमान येते. अर्ध्यावर लावली तर एकीचं पोट दुसरीच्या टोकाशेजारी येतं. तिसऱ्या भागावर लावायची. खाली जमीन कितीही सपाट केली तरी टाइलच वाकडी असू शकते, हा विचार मी पंचवीस वर्षांत केला नव्हता.

माझे गुडघे गेले आहेत. डॉक्टर मांडी घालू नका म्हणतात, मी मांडी घालूनच कमावलं आहे. टेंगळं घासताना ग्राइंडरची जी धूळ उडते ती वर्षानुवर्षं तोंडाला रुमाल बांधून घेतली. ती सिमेंट-वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि रुमालाला अडत नाही. आता पोरांना मास्क आणि धूळ ओढणारं मशिन दिलं आहे. मास्क ते हनुवटीवर ठेवतात. रोज ओरडतो.

भाव सांगायची माझी पद्धतही बदलली. पूर्वी चौरस फुटाला एकच आकडा सांगायचो, त्यातच खालचं आलं, म्हणजे खालचं कधी झालंच नाही. आता दोन आकडे लिहून देतो. वरच्या फरशीचा एक, खाली करायच्या कामाचा दुसरा, आणि दुसरा जमीन उघडी झाल्यावरच ठरेल असंही लिहितो. यावर निम्मे लोक दुसऱ्या मिस्त्रीकडे जातात. गेलेल्यांतले थोडे वर्षा-दोन वर्षांनी परत फोन करतात, बहुतेक करत नाहीत. त्यांची फरशी चांगली असेल किंवा त्यांना सवय झाली असेल.

तुमच्याकडे काम निघणार असेल तर मिस्त्रीला पट्टी घेऊन यायला सांगा आणि तो ती टाकतो तेव्हा शेजारी वाकून बघा. टाइल निवडायला जायच्या आधी हे करा. जमीन फार वाकडी निघाली आणि ती सुधारायला पैसे नसतील, तर लहान टाइल घ्या, एक बाय एकची, ती वळणं सांभाळून घेते. भरणी दोन इंचांवर जाणार असेल आणि तुम्ही वरच्या मजल्यावर असाल, तर इंजिनिअरला आधी विचारा. आणि दारं कापायला सुताराला फरशी बसल्यानंतरच बोलवा. आधी कापलेली दारं मी खूप घरांत पाहिली आहेत. खालून वारा येतो.